डेन्मार्कचे तीन ३-०

फुटबॉलमध्ये ३-० हा निकाल दुर्मीळ नाही. आठवड्याच्या कोणत्याही दिवशी जगातल्या कोणत्या ना कोणत्या मैदानावर तो लागतच असतो. डेन्मार्कच्या इतिहासात मात्र या एकाच गुणफलकाचे तीन सामने असे आहेत, की ते शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय त्यांपैकी एकाचाही अर्थ नीट लागत नाही. पहिला सामना लाखाच्या आसपास माणसांनी प्रत्यक्ष पाहिला, पण अधिकृत नोंदीत तो नाही. दुसरा कोणीच पाहिला नाही, कारण तो खेळलाच गेला नाही. अधिकृत नोंदीत मात्र तो आहे. तिसरा खेळला गेला आणि नोंदलाही गेला, पण राष्ट्रीय संघाचे नेहमीचे खेळाडू त्या दिवशी मैदानावर नव्हते.

या तिन्ही सामन्यांच्या मध्ये थेरेसा नील्सन या बचावपटूची कारकीर्द उभी आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी मेक्सिकोला जावे लागते.

५ सप्टेंबर १९७१. मेक्सिको शहरातील अझ्टेका स्टेडियम. वर्षभरापूर्वी याच गवतावर पेलेच्या ब्राझीलने इटलीला ४-१ असे हरवून विश्वचषक उचलला होता. आता तिथे महिलांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना होता: मेक्सिको विरुद्ध डेन्मार्क. गोलचे खांब गुलाबी आणि पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेले होते, कारण महिलांचे फुटबॉल विकायचे तर ते 'बायकी' दिसले पाहिजे, असा आयोजकांचा हिशेब. प्रेक्षकांचा आकडा सुमारे १ लाख १० हजार असा सांगितला जातो. तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण छायाचित्रांत आणि चित्रफितीत दिसणारे खचाखच भरलेले सज्जे पाहिले की अंदाज फार फुगवलेला वाटत नाही.

डेन्मार्कने सामना ३-० असा जिंकला. तिन्ही गोल सुसाने आउगुस्टेसनचे. तिचे वय १५ वर्षे.

पंधरा वर्षांच्या मुलीने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल केले, हीच गोष्ट त्या स्पर्धेतून उरली, आणि उरावी अशीच ती आहे. पण निकालातल्या दुसऱ्या आकड्याकडेही पाहावे. त्या स्पर्धेत डेन्मार्क चार सामने खेळला: फ्रान्सवर ३-०, इटलीशी १-१, उपांत्य फेरीत अर्जेंटिनावर ५-०, अंतिम फेरीत मेक्सिकोवर ३-०. चार सामन्यांत बारा गोल केले आणि फक्त एक स्वीकारला. तो भरगच्च गोंगाट पाठीशी असलेल्या यजमान संघाला एकही गोल करू न देणाऱ्या बचावफळीतल्या मुलींची नावे या स्पर्धेवरच्या बहुतेक लेखांत सापडत नाहीत. बचावपटूच्या वाट्याला इतिहासात बहुधा शून्यच येते. काम चोख झाले की ते गुणफलकावर शून्य म्हणून लिहिले जाते.

ही स्पर्धा 'फिफा'ची नव्हती. इटलीत स्थापन झालेल्या एका स्वतंत्र महिला फुटबॉल महासंघाने ती भरवली होती आणि तिच्यामागे 'मार्टिनी अँड रोस्सी' या इटालियन मद्यउद्योगाचा पैसा होता. १९७० मध्ये याच मंडळींनी इटलीत पहिली स्पर्धा घेतली होती आणि तीही डेन्मार्कनेच जिंकली होती. तूरिनमधल्या अंतिम सामन्यात यजमान इटलीला २-० असे हरवून. त्या वेळी डेन्मार्कच्या वतीने खेळला तो कोपनहेगनचा 'फेमिना' हा क्लब. एका डॅनिश महिला साप्ताहिकाच्या नावावरून त्याचे नाव पडले होते. (आपल्याकडच्या 'फेमिना'शी त्याचा काही संबंध नाही.) देशाचा फुटबॉल महासंघ, म्हणजे 'डीबीयू', महिलांना आपल्या छत्राखाली घेतच नव्हता, म्हणून एका क्लबलाच देश व्हावे लागले.

मेक्सिकोतही अधिकृत महासंघाचा या स्पर्धेला विरोध होता. सामने अझ्टेका आणि ग्वादालाहाराचे हालिस्को या दोनच मैदानांवर झाले, त्याचे कारण हेच. ही मैदाने महासंघाच्या धाकाबाहेर होती, आणि अझ्टेकामागे तर देशातल्या सर्वांत मोठ्या दूरचित्रवाणी उद्योगाचे बळ होते.

याच स्पर्धेतला एक प्रसंग पुढच्या कथेसाठी फार महत्त्वाचा आहे. अंतिम सामना तोंडावर असताना मेक्सिकोच्या खेळाडूंनी विचारले: तिकिटे विकली जात आहेत, जाहिराती विकल्या जात आहेत, बाहुल्या आणि बिल्ले विकले जात आहेत, मग आमचे काय? त्यांनी २० लाख पेसोंची मागणी केली आणि ती मान्य न झाल्यास खेळणार नाही, असे सांगितले. कालपर्यंत डोक्यावर घेणारी वृत्तपत्रे एका रात्रीत फिरली. मुली लोभी ठरल्या. शेवटी त्या खेळल्या, हरल्या, आणि पैसे न घेताच घरी गेल्या. महिला फुटबॉलमधला मोबदल्याचा वाद हे एकविसाव्या शतकातले फॅड आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

अझ्टेकानंतर दोनच महिन्यांनी युरोपातील महासंघांच्या संघटनेत, म्हणजे 'युएफा'त, सदस्य देशांनी महिला फुटबॉल आपल्या नियंत्रणाखाली घ्यावे असा ठराव ३१ विरुद्ध १ मतांनी झाला. विरोधात एकटे स्कॉटलंड होते. ठरावाकडे पाहताना 'नियंत्रण' या शब्दावर बोट ठेवावे. मुली खेळत होत्या, मैदाने भरत होती आणि पैसा भलत्याच लोकांच्या खिशात जात होता. धक्का त्याचा होता. १९७२ मध्ये 'डीबीयू'ने महिला फुटबॉल सामावून घेतले. डेन्मार्कच्या महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १९७४ चा.

याचा सरळ अर्थ असा, की महासंघाच्या वहीत डेन्मार्कची महिला राष्ट्रीय खेळाडू १९७४ मध्ये जन्माला आली आणि त्याआधीचे दोन जागतिक विजय वहीच्या बाहेर राहिले. 'फिफा'च्या लेखी पहिला महिला विश्वचषक १९९१ चा, चीनमधला. त्या हिशेबाने डेन्मार्कची विश्वचषकातली सर्वोत्तम कामगिरी म्हणजे १९९१ आणि १९९५ मध्ये गाठलेली उपांत्यपूर्व फेरी. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर एका महिला सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक आले, तेव्हा विश्वविक्रम म्हणून तो आकडा जगभर छापला गेला. अझ्टेकाचा आकडा त्याहून मोठा होता. पण नोंद नाही म्हणजे विक्रम नाही.

नोंदी सुरू झाल्यानंतरची वर्षे संथ आहेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डेन्मार्क खेळला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २०१३ पर्यंत कात्रिने पेडरसनने देशासाठी २१० सामने खेळले. डेन्मार्कचा पुरुष संघातला कोणताही खेळाडू त्या आकड्याच्या जवळपासही नाही. २०१३ च्या युरोपीय स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली संघाने उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि उपांत्य फेरीत नॉर्वेकडून पेनल्टी शूटआउटमध्येच हार पत्करली. पेडरसन गेली आणि तिच्यामागची पिढी पुढे सरकली. पेर्निले हार्डर, नादिया नादिम, बचावात लिने रॉडिक हान्सन, सिमोने बोये आणि उजव्या बाजूला थेरेसा नील्सन.

थेरेसाचा जन्म २० जुलै १९८६ चा. कोपनहेगनजवळच्या ब्रॉन्बी क्लबमधून ती नावारूपाला आली आणि पुढे नॉर्वेत ओस्लोच्या वोलेरेंगा संघात गेली. उजव्या बाजूने वर धावायचे, चेंडू गेला की तितक्याच वेगाने परत यायचे, नव्वद मिनिटांत मैदानाची तीच एक पट्टी असंख्य वेळा नांगरायची: असे तिचे काम. या जागेवरच्या खेळाडूंची छायाचित्रे क्वचितच पहिल्या पानावर येतात. तिचे आले, ते एका दिवसामुळे.

२०१७ ची युरोपीय स्पर्धा नेदरलँड्समध्ये झाली. उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्कसमोर जर्मनी उभी होती. तोपर्यंत जर्मनीने ही स्पर्धा आठ वेळा जिंकली होती, त्यांतल्या १९९५ ते २०१३ अशा सलग सहा. त्या वेळी खेळणाऱ्या बहुतेक मुलींच्या आठवणीत दुसरा कोणी विजेता असणेच शक्य नव्हते. २९ जुलैला रॉटरडॅमच्या छोट्या मैदानावर इतका पाऊस कोसळला की चेंडू घरंगळेना. सामना दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच मिनिटाला जर्मनीचा गोल झाला. डॅनिश गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला होता. इथे सामना संपला असे मानणाऱ्यांना दोष देता येत नाही. विश्रांतीनंतर ४९ व्या मिनिटाला नादिमने बरोबरी साधली. तालिबानने वडिलांची हत्या केल्यानंतर आई आणि बहिणींसह अफगाणिस्तानातून निघून निर्वासित म्हणून डेन्मार्कला पोहोचलेली ही मुलगी. तिची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. मग ८३ वे मिनिट आले. उजव्या पट्टीत असायला हवी ती थेरेसा जर्मन गोलसमोर होती. तिने चेंडू डोक्याने आत घातला. २-१.

जर्मनीची बावीस वर्षांची सत्ता एका बचावपटूच्या हेडरने संपली. दहा दिवसांपूर्वीच तिने एकतिसावे वर्ष पूर्ण केले होते.

उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि शूटआउटमध्ये डेन्मार्क ३-० असा जिंकला. (हा ३-० आपल्या हिशेबात धरलेला नाही, पण नजरेतून सुटूही नये.) ६ ऑगस्टला एन्स्खेडे येथे यजमान नेदरलँड्सविरुद्ध अंतिम सामना झाला. डेन्मार्क ४-२ असा हरला. तरी तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना पराभवापेक्षा हार्डरचा गोल अधिक लख्ख आठवतो. अधिकृत स्पर्धेत डेन्मार्कच्या महिला इतक्या वर कधीच पोहोचल्या नव्हत्या.

सहा आठवड्यांनी याच दोन संघांची मैत्रीपूर्ण लढत ठरली होती, १५ सप्टेंबरला. ती झाली नाही.

वाद महासंघ आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या कराराचा होता आणि तो युरोपीय स्पर्धेच्या आधीपासूनच रेंगाळत होता. बातम्यांत तो 'समान वेतनाचा लढा' म्हणून आला. ते अर्धेच खरे आहे. आकड्यांवर घासाघीस होतीच, पण गाठ दुसऱ्याच जागी बसली होती: राष्ट्रीय संघासाठी खेळत असताना ही खेळाडू महासंघाची कर्मचारी मानली जावी की नाही? कर्मचारी म्हटले की कामगार कायदा आला, विमा आला, सामूहिक कराराचा हक्क आला. महासंघाचे म्हणणे असे की त्या आपापल्या क्लबांच्या नोकर आहेत, राष्ट्रीय संघात त्या केवळ निवडल्या जातात. महासंघाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. महिला संघावर खर्च अधिक होत होता आणि उत्पन्न कमी होते, आणि मागच्या करारापेक्षा आपण बरेच जास्त देऊ केले आहे, असा त्याचा दावा होता. पण प्रश्नाचे मूळ रूप १९७१ चेच होते. देशाचे नाव छातीवर घेऊन खेळणारी ही बाई महासंघाची कोण लागते?

पुरुष संघातील खेळाडूंनी आपल्या वाट्यातली काही रक्कम महिलांसाठी सोडण्याची तयारी दाखवली. त्यानेही गाठ सुटली नाही. तात्पुरत्या समझोत्यावर १९ सप्टेंबरला हंगेरीविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना खेळला गेला आणि डेन्मार्कने तो ६-१ असा जिंकला. पुढचा सामना २० ऑक्टोबरला गोथेनबर्गमध्ये, स्वीडनविरुद्ध. गटातला हाच निर्णायक सामना होता. बोलणी फिसकटली, खेळाडू सरावाला आल्या नाहीत आणि सामन्याच्या तोंडावर महासंघाने तो रद्द झाल्याचे जाहीर केले.

मेक्सिकोच्या मुलींनी १९७१ मध्ये धमकी दिली आणि शेवटी त्या मैदानावर उतरल्या. डेन्मार्कच्या उतरल्या नाहीत. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला संघ, सर्वांत चांगला काळ आणि विश्वचषकाचे दार डोळ्यांसमोर असताना त्यांनी हे केले. एकतीस वर्षांच्या बचावपटूसाठी पुढचा विश्वचषक बहुधा शेवटचाच असतो, आणि थेरेसा तर आजवर एकाही विश्वचषकात खेळलेली नव्हती; २००७ नंतर डेन्मार्क त्या स्पर्धेपर्यंत पोहोचलेच नव्हते.

काही दिवसांत पुन्हा तात्पुरता समझोता झाला. २४ ऑक्टोबरला संघ क्रोएशियात खेळला आणि ४-० असा जिंकला. नोव्हेंबरमध्ये चार वर्षांचा करार झाला. त्याच महिन्यात 'युएफा'ने स्वीडनच्या सामन्याचा निकाल दिला: सामना स्वीडनला ३-० असा बहाल, डॅनिश महासंघाला २० हजार युरोंचा दंड, आणि पुढील चार वर्षांत पुन्हा सामना टाळल्यास स्पर्धेबाहेर काढण्याची तंबी.

हा दुसरा ३-०. गोल कोणी केले, हा रकाना रिकामा. खेळाडूंची यादी नाही. प्रेक्षक नाहीत. तरी तो पात्रता फेरीच्या तक्त्यात आहे आणि त्याचे तीन गुण स्वीडनच्या खात्यात आहेत.

त्या तीन गुणांमुळेच सारे हुकले, असे म्हणणे सोपे आहे. पण ४ सप्टेंबर २०१८ ला गटातला शेवटचा सामना मायभूमीत स्वीडनशीच झाला आणि डेन्मार्क तोही ०-१ असा हरला. स्वीडन पहिले, डेन्मार्क दुसरे. मग ऑक्टोबरमध्ये बाद फेरीत गाठ पडली ती पुन्हा नेदरलँड्सशी. डेन्मार्क दोन्ही सामने हरला. २०१९ च्या फ्रान्समधील विश्वचषकात डेन्मार्क नव्हते. नेदरलँड्स त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले. थेरेसा नील्सन तोवर अमेरिकेतील सिएटल रेन संघात दाखल झाली होती.

आता तिसरा ३-०. महिलांच्या त्या शेवटच्या पात्रता सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ सप्टेंबर २०१८ ला, डेन्मार्कच्या पुरुष संघाचा स्लोव्हाकियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. पुरुषांचा करार संपला होता आणि जाहिरातींच्या हक्कांवरून त्यांचे महासंघाशी बिनसले होते. काही महिन्यांपूर्वी रशियातील विश्वचषक गाजवून आलेला हा संघ खेळायला तयार नव्हता. इथे महासंघ कात्रीत सापडला. महिलांच्या प्रकरणातली तंबी ताजी होती. आणखी एक सामना बुडाला तर मोठ्या कारवाईची भीती होती. तेव्हा खालच्या विभागांतले हौशी खेळाडू आणि चार भिंतींत फुटसाल खेळणारे गडी गोळा करून विमानात बसवण्यात आले. त्यांच्यासोबत प्रशिक्षक म्हणून गेला जॉन येन्सन, ज्याने १९९२ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध गोल केला होता आणि ज्याचे नाव डेन्मार्कमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

बिचारे जीव तोडून खेळले. त्या संघाची थट्टा करायला बसलेल्यांनाही सामना संपेपर्यंत त्यांचे कौतुक वाटू लागले होते. निकाल अर्थात ३-०, स्लोव्हाकियाच्या बाजूने. चारच दिवसांनी नेहमीचा संघ परतला आणि त्याने वेल्सला २-० असे हरवले. पुरुषांचा संप त्यांच्या पदरात कोणताही बहाल केलेला पराभव न टाकता मिटला, कारण त्याची किंमत वर्षभर आधी महिलांनी चुकती केली होती आणि तिच्या धाकाने महासंघाला कोणी का होईना, अकरा माणसे उभी करावी लागली होती.

डेन्मार्कच्या महिला विश्वचषकात परतल्या त्या २०२३ मध्ये, सोळा वर्षांनी. हार्डर अजून खेळत होती. थेरेसा नव्हती. त्याच वर्षी 'कोपा ७१' हा माहितीपट प्रदर्शित झाला. त्यात अझ्टेकाच्या मैदानावर खेळलेल्या डॅनिश स्त्रिया, आता आज्या झालेल्या, जुनी छायाचित्रे आणि चित्रफिती पाहताना दिसतात.

कोणी उत्साही वाचक डेन्मार्कच्या महिला संघाच्या अधिकृत निकालांची यादी उघडून बसला, तर त्याला २० ऑक्टोबर २०१७ ची ओळ सापडेल: स्वीडन ३, डेन्मार्क ०. तिथून तो मागे मागे जात राहिला, २०१३, १९९५, १९९१ ओलांडून, तर यादी १९७४ मध्ये थांबते. ५ सप्टेंबर १९७१ ची ओळ तिच्यात नाही.